‘युगंधर’वर चर्चा घ्यायची आहे, पण प्रवचनही नको आणि भांडणही नको

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत सांगते. राजेंद्र नगरच्या तुमच्या वाचन ग्रुपने शिवाजी सावंतांची ‘युगंधर’ घेतलीय, ग्रुपमध्ये रोज पोथी वाचणाऱ्या आजी आहेत, रिटायर झालेले काका आहेत आणि काही तरुण मुलं आहेत ज्यांना मराठी छान बोलता येतं पण वाचायला हिंदी सोपं जातं. मागच्या वेळी अशाच देवाधर्माच्या कादंबरीवर बसलात तेव्हा आधी अर्धा तास प्रवचन झालं, मग कोणीतरी म्हणालं हे सगळं काल्पनिक आहे, आणि एक काकू उठून घरी गेल्या. आता या वेळी बैठक कशी घ्यायची, असा प्रश्न आहे.

मी इंदुरातच रामबाग, लोकमान्य नगर भागात बरीच वर्षं अशा बैठकी घेत आलेय, आणि माझं ठाम मत आहे की भांडण श्रद्धेमुळे होत नाही, प्रश्न चुकीचा विचारल्यामुळे होतं. ‘कृष्ण देव होता की माणूस’ हा प्रश्न एकदा का मधे पडला की संपलं, कारण त्याचं उत्तर पुस्तकात नाहीच, प्रत्येकाच्या घरच्या देव्हाऱ्यात आहे नाहीतर प्रत्येकाच्या डोक्यात आहे, आणि तिथून कोणी कोणाला हलवू शकत नाही, हलवूही नये. त्याऐवजी विचारायचं की सावंतांनी काय केलं. कोणाच्या तोंडून गोष्ट सांगितली, काय ठेवलं, काय गाळलं, कुठे स्वतःचं घातलं. या प्रश्नावर आजी आणि आयटीतला मुलगा एकाच बाजूला बसतात, कारण दोघंही एकाच पानाकडे बघत असतात.

आणि दुसरी गोष्ट, जी लोक उलटी करतात. पोथी वाचणाऱ्या आजींना सांभाळून घ्यायचं, त्यांचं मन दुखवायचं नाही, म्हणून त्यांना थोडं बाजूला बसवलं जातं, हो हो म्हटलं जातं. असं करू नका हो. अशा ग्रुपमध्ये सगळ्यात तयारीचा वाचक त्याच असतात. ज्या बाईने हरिविजय वर्षानुवर्षं वाचलाय, एकनाथी भागवत ऐकलंय, तिला कृष्णकथेची तीन-चार रूपं तोंडपाठ असतात आणि कादंबरीकाराने कुठे वळण बदललं ते तिला दुसऱ्या ओळीतच कळतं. आपल्याला ते कळायला भागवत उघडून बसावं लागतं. म्हणून पहिलं बोलायला त्यांना द्या, पण प्रश्न नेमका द्या. ‘आजी, कृष्णाबद्दल सांगा’ असं म्हटलंत तर प्रवचनच होणार, दोष त्यांचा नाही. ‘आजी, तुम्ही वाचलेल्या पोथीत हा प्रसंग कसा येतो आणि इथे काय वेगळं आहे’ असं विचारा, मग बघा.

त्या उठून गेलेल्या काकूंना तुम्ही स्वतः फोन करा, मेसेज नको, आणि रुक्मिणीचं प्रकरण त्यांच्याकडे द्या. का ते पुढे सांगते.

आता पुस्तकाची रचना. ही कादंबरी 2000 साली आली, चांगली जाडजूड आहे, आणि गोष्ट सात जण सांगतात: स्वतः श्रीकृष्ण, मग रुक्मिणी, दारुक, द्रौपदी, अर्जुन, सात्यकी आणि उद्धव. लेखकाची भूमिका अशी की चमत्कारांचे थर बाजूला करून त्याखालचा माणूस दाखवायचा. ही भूमिका पहिल्या बैठकीच्या सुरुवातीलाच सगळ्यांना स्पष्ट सांगून टाका, म्हणजे मधेच कोणाला धक्का बसत नाही. त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि ज्यांना ती पटत नाही त्यांनी तसं म्हणायची पूर्ण मोकळीक आहे, फक्त पुस्तकातल्या कुठल्या जागी पटत नाही ते दाखवायचं. आमच्याकडे एकच नियम असतो: पानावर बोट ठेवून बोला. कोणी म्हणालं लेखकाने देवाचा अपमान केलाय, तर कुठे, काढा पान, वाचा मोठ्याने. कोणी म्हणालं लेखक भक्तीत वाहून गेलाय, तरी तेच. निम्मी भांडणं पान शोधता शोधता थंड होतात आणि उरलेली निम्मी खरंच ऐकण्यासारखी असतात.

सगळ्यांनी सगळं वाचून यायचं हा हट्ट सोडा, एवढं मोठं पुस्तक नोकरीवाल्यांकडून महिन्याभरात होत नाही आणि मग लोक न वाचता येऊन टीव्हीवरच्या महाभारतावर बोलतात. निवेदक वाटून द्या. प्रत्येकाने आपल्या माणसाचा भाग नीट वाचायचा आणि बैठकीत त्याच्या वतीने बोलायचं, की मला काय माहीत होतं, मी काय पाहिलं, माझ्यापासून काय लपलं होतं. दारुक हा कृष्णाचा सारथी. तो घोड्यांचे लगाम धरून रथावर पुढे बसलेला, त्याला मागचं सगळं ऐकू येतं पण त्याला कोणी विचारत नाही. मूळ महाभारतात मौसलपर्वात यादव आपसात लढून संपले की कृष्ण याच दारुकाला हस्तिनापुरला अर्जुनाकडे पाठवतो. म्हणजे शेवटचा निरोप नेणारा माणूस. त्याला कादंबरीत अख्खा भाग द्यावासा वाटणं ही लेखकाची नजर आहे. आमच्याकडे हा भाग मी नेहमी कमी बोलणाऱ्या माणसाला देते.

सात्यकीचं पण असंच. मौसलपर्वात प्रभासला सात्यकी आणि कृतवर्मा यांच्यात कुरुक्षेत्रातल्या जुन्या गोष्टींवरून वाद पेटतो, सात्यकी कृतवर्म्याचं डोकं उडवतो आणि तिथून सगळा यादवकुळाचा नाश सुरू होतो, त्यात तो स्वतःही मरतो. हे माहीत असलेल्या माणसाने सात्यकीचा भाग वाचला की प्रत्येक निष्ठेच्या वाक्यामागे त्याला पुढचं दिसत राहतं. तुमच्या काकांपैकी कोणाला युद्धाचं, राजकारणाचं वाचायला आवडत असेल तर त्यांना हा भाग द्या.

आणि मग तो प्रश्न विचारा जो मला या कादंबरीबद्दल सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोणाला बोलू दिलेलं नाही? यशोदा नाही, देवकी नाही, बलराम नाही, सत्यभामा नाही, राधा आहे पण तिला तिचा स्वतःचा भाग नाही. गांधारी नाही, जिने शाप दिला. दुर्योधन नाही. आणि हेच सावंत 1967 सालच्या ‘मृत्युंजय’मध्ये दुर्योधनाला निवेदक करतात, तिथे कर्ण, कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन आणि कृष्ण असे सहा जण बोलतात. तिथे शत्रुपक्षाला आवाज आहे, इथे सातही जण कृष्णाची माणसं आहेत. का बरं? कृष्णाचा विरोधक बोलला असता तर ही कादंबरी वेगळी झाली असती का? यावर आमच्याकडे एकदा इतकं सुंदर बोलणं झालं की चहा गार झाला, आणि त्यात ना कोणाची श्रद्धा दुखावली ना कोणाला तोंड आवरावं लागलं. माझं स्वतःचं मत असं की इथे लेखक न्यायाधीश नाहीये, साक्षीदार गोळा करणारा आहे, आणि त्याने प्रेम करणारेच साक्षीदार घेतले. ही मर्यादा आहे असं मी म्हणते. काही जणांना ती मर्यादा वाटत नाही, भक्तीची रीतच तशी आहे असं ते म्हणतात, आणि तेही ऐकून घेण्यासारखं आहे.

आता रुक्मिणी. यावर एक पूर्ण बैठक द्या, काटकसर करू नका. भागवताच्या दशम स्कंधात रुक्मिणी एका ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला निरोप पाठवते, सात श्लोकांचा आहे तो, आणि नीट वाचला तर त्यात प्रेम आहेच पण सगळा प्लॅनही तिनेच आखलेला आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलरीतीप्रमाणे मी देवीच्या दर्शनाला गावाबाहेर जाईन, तिथून मला घेऊन जा, म्हणजे अंतःपुरात शिरून माझ्या माणसांना मारायला नको. एका राजकन्येने हे स्वतः ठरवून कळवलंय. मग आपल्या मराठीत 1292 साली महानुभाव कवी नरेंद्रांनी रुक्मिणीस्वयंवर लिहिलं, 1571 मध्ये एकनाथांनी लिहिलं, अठरा प्रसंगांचं, आणि नाथांची ती पोथी आजही घरोघरी मुलीचं लग्न जमावं म्हणून वाचली जाते. तुमच्या ग्रुपमधल्या निदान एका बाईने लग्नाआधी ती वाचलेली असेल, विचारून बघा. म्हणून म्हटलं काकूंना हा भाग द्या. त्यांनी पोथीतला प्रसंग वाचायचा, कोणीतरी भागवतातल्या निरोपाचा मराठी अर्थ वाचायचा, आणि एका तरुण मुलीने कादंबरीतली रुक्मिणी वाचायची. तिन्ही पाठोपाठ ऐकवा, मधे काही बोलू नका. मग विचारा, कोणती रुक्मिणी जास्त धीट वाटली? बहुतेक लोक गृहीत धरून येतात की आधुनिक कादंबरीतली असणार, आणि भागवतातला तो निरोप ऐकून गप्प होतात.

यातून आणखी एक काम आपोआप होतं. ‘यांना देवाची गोष्ट बदलायचा हक्क कोणी दिला’ असं म्हणणाऱ्यांना दिसतं की मराठीत ही गोष्ट सातशेहून जास्त वर्षं नव्याने सांगितली जातेय. नाथांनी सांगितली, श्रीधरस्वामींनी 1702 मध्ये हरिविजयात छत्तीस अध्यायांत सांगितली, प्रत्येकाने आपल्या काळातल्या ऐकणाऱ्यांसाठी आपल्या घरासारखी करून सांगितली. हे वाद घालून पटवायला जाऊ नका, तीन उतारे एकामागे एक ऐकू द्या बस.

इथे एक गोष्ट नक्की होणार, तयारीत राहा. कोणीतरी म्हणेल की रुक्मिणीहरण आपल्या इथे अमझेऱ्याला झालं, धारच्या पुढे, अमका-झमका नावाच्या देवीच्या मंदिरातून, आणि दुसरं कोणी म्हणेल छे, आमचं अमरावतीकडचं कौंडिण्यपूर, वर्धा नदीच्या काठी, तिथून तर अजून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. आणि कोणाचे नातेवाईक गुजरातमध्ये असतील तर ते पोरबंदरजवळच्या माधवपूरचं सांगतील, तिथे दरवर्षी चैत्रात कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचा मेळा भरतो. दहा मिनिटं बोलू द्या. थांबवू नका, कारण आपण माळव्यात राहणारी मराठी माणसं, आपल्याला दोन्हीकडची ओढ आहे, आणि ती ओढ या कादंबरीशी असलेल्या नात्याचाच भाग आहे. फक्त निकाल लावू नका. तिन्ही ठिकाणी लोक मनापासून मानतात एवढं म्हणा आणि पुढे चला.

चमत्कारांचा मुद्दा. इथेच ठिणगी पडते, म्हणून इथे माहिती हाताशी ठेवा. द्रौपदीचा भाग जिच्याकडे असेल तिला सभापर्वाच्या प्रसंगाचं पान काढायला सांगा. आपल्या सगळ्यांच्या डोळ्यापुढे कृष्ण वस्त्रं पुरवतोय हेच चित्र आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, 1919 मध्ये काम सुरू झालं आणि 1966 मध्ये पूर्ण झालं, देशभरातल्या हस्तलिखितांची तुलना करून. त्या आवृत्तीच्या मुख्य पाठात द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचा भाग नाही, तो खाली पाठभेदात गेलाय. वस्त्रं तिथेही वाढतात, पण कोणी पुरवली ते सांगितलेलं नाही. आता हे कसं सांगायचं याला फार महत्त्व आहे. ‘बघा, चमत्कार नंतर घुसडला’ असं म्हटलंत की बैठक मोडली. असं सांगा की जुन्या पाठात ती एकटी उभी आहे आणि धर्माबद्दल प्रश्न विचारतेय, आणि नंतरच्या पिढ्यांना तिला एकटी सोडवलं नाही म्हणून त्यांनी कृष्णाला तिथे आणलं. मला तर ही दोन्ही रूपं प्रिय आहेत. दुसऱ्या रूपात ऐकणाऱ्यांची माया आहे, ती काय कमी खरी आहे का? आणि मग प्रश्न कादंबरीवर आणा: सावंतांनी इथे काय केलं, तुमची द्रौपदी या पानावर काय म्हणते?

राधेचंही तसंच, पण थोडक्यात. महाभारतात राधा नाही, हरिवंशात नाही, भागवतात नाव घेऊन नाही. तिचं नाव सापडतं ते आपल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत, सातवाहन राजा हालाच्या नावावरच्या संग्रहात, आणि मग बाराव्या शतकात ‘गीतगोविंद’ लिहिणाऱ्या जयदेवांनी तिला घरोघर नेलं. पंढरपूरची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, राधेला कृष्णाजवळ पाहून रुक्मिणी रुसली आणि दिंडीरवनात जाऊन बसली, म्हणून तर तिचं देऊळ विठोबापासून वेगळं. आता ज्या लेखकाला चमत्कार बाजूला करायचेत त्याने राधा का ठेवली असेल? यावर तरुण मुलं फार छान बोलतात, आजी पण बोलतात, थोड्या लाजत.

सोळा हजार स्त्रियांचा विषय टाळू नका. कोणीतरी हसेल, मग वातावरण बिघडेल, म्हणून तुम्हीच आधी काढा. भागवतात नरकासुराच्या कैदेतून सोडवलेल्या सोळा हजार स्त्रिया आहेत, विष्णुपुराणात सोळा हजार शंभर, त्यांच्यासोबत आठ पट्टराण्या धरल्या की एकूण आकडा येतो. पळवून नेलेल्या बाईला घरी परत घेत नाहीत हे आपल्या समाजाला सांगायला लागत नाही. फाळणीनंतर काय झालं ते आपल्याच आजी-आजोबांच्या पिढीने पाहिलं. त्या नजरेने प्रसंग वाचा, मग हसू येत नाही. आमच्या एका बैठकीत एक वयस्कर बाई म्हणाल्या की मला इथे देव दिसतो, बोटावर पर्वत उचलण्यात नाही इतका इथे. समोर बसलेला मुलगा, जो सगळ्याला मिथक म्हणायचा, तो म्हणाला मला पण हाच भाग पटला. दोघांची कारणं वेगळी होती. असू देत ना.

बोलणं हाताबाहेर गेलं तर काय, हे तुम्ही विचारलंय. प्रवचन सुरू झालं की मधेच तोडू नका, ज्येष्ठांचा अपमान होतो. श्वास घेतला की नाव घेऊन विचारा, ‘काका, हे या पुस्तकात कुठे येतं?’ ते शोधायला लागतात आणि तेवढ्यात दुसऱ्याला बोलायला मिळतं. टिंगल सुरू झाली तर मात्र लगेच थांबवा, आणि सगळ्यांसमोर. प्रश्न विचारायला कायम परवानगी आहे, टिंगलीला नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. आजकाल आणखी एक होतं, कोणीतरी हातातला फोन काढून व्हॉट्सॲपवर आलेलं काहीतरी वाचून दाखवतं, कृष्णाची अचूक जन्मतारीख वगैरे. ते बैठकीनंतर बघू म्हणा.

हिंदीत वाचणाऱ्या मुलांना अजिबात कमी लेखू नका. हिंदी अनुवाद आहे, त्यांना तो वाचू द्या आणि बैठकीत मराठीत बोलू द्या, अडलं तर हिंदी येऊ दे मधे, इंदुरात आपण घरीही तसंच बोलतो. मोठ्याने वाचायचे उतारे मात्र मराठीतूनच वाचा, कारण सावंतांची भाषा ऐकायची भाषा आहे, लांब श्वासाची, जरा अलंकारिक. काहींना ती जड वाटेल, मलाही सलग वाचताना कधी कधी वाटते, पण कोणी मोठ्याने वाचली की पोथीच्या जवळ जाते. पीडीएफ ग्रुपवर टाकू नका, दोन-तीन प्रती विकत घ्या आणि फिरवा.

एका बैठकीत संपवू नका, चार करा. पहिली भूमिका आणि कृष्णाचा भाग, दुसरी रुक्मिणी, तिसरी द्रौपदी-अर्जुन आणि त्याच्यासोबत दारुक-सात्यकी, चौथी उद्धव. उद्धव शेवटी का, हे त्या बैठकीत विचारा. भागवताच्या अकराव्या स्कंधात कृष्ण जायच्या आधी सगळं उद्धवालाच सांगतो आणि त्याला बदरिकाश्रमाला पाठवतो, त्याच स्कंधावर नाथांचं एकनाथी भागवत आहे, 1573 मध्ये काशीला पूर्ण झालेलं. म्हणजे मागे राहून सांगणारा उद्धवच, आणि कादंबरीने ती जुनी जागा त्यालाच ठेवली असं मला वाटतं. ज्या आजी एकनाथी भागवत वाचतात त्यांनी ही बैठक घ्यावी, तुम्ही नुसतं शेजारी बसा. त्या आधी सगळ्यांना इरावती कर्व्यांच्या ‘युगांत’मधला कृष्ण वासुदेवावरचा लेख वाचायला द्या, छोटा आहे, आणि तिथला कृष्ण इतका वेगळा आहे की शेवटच्या बैठकीत बोलायला नवीन बळ येतं. फक्त पहिल्या बैठकीआधी देऊ नका, नाहीतर लोक कादंबरी सोडून त्या लेखावरच बोलत राहतात.

उज्जैनच्या सांदीपनी आश्रमात ग्रुपने जायचं म्हणताय तर जरूर जा, दीड तासाचा तर रस्ता आहे, पण चारही बैठका झाल्यावर जा. कृष्ण तिथे चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकल्याचं भागवतात आहे, तो अध्याय सोबत घ्या, कादंबरीतलं आश्रमातलं पान पण घ्या, आणि तिथे सावलीत बसून दोन्ही वाचा. रविवारी गर्दी असते, मधल्या वारी सकाळी निघालात तर बरं पडेल, आणि आजी सोबत असतील तर गाडी मंगळनाथच्या रस्त्याने आश्रमाच्या दारापर्यंत न्या.